टेबल एकासाठी: फाइन डायनिंग रेस्टॉरंटमध्ये एकट्यानं जेवताना

तुम्ही खुर्चीत बसता आणि वेटर समोरची मांडणी उचलायला येतो. टेबल दोघांसाठी लावलेलं असतं. तो आधी वाइनचा ग्लास देठाला धरून उचलतो, मग काटे आणि सुऱ्या, आणि शेवटी घडी घातलेला नॅपकिन. प्लेट जिथे होती तिथे पांढऱ्या कापडावर किंचित दबलेला एक गोल ठसा उरतो. हे सगळं अर्ध्या मिनिटात आणि आवाज न करता होतं. पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा त्या अर्ध्या मिनिटात मला वाटलं होतं की अख्खं रेस्टॉरंट माझ्याकडे बघतंय. मान वर करून पाहिलं तर जो तो आपापल्या जेवणात गुंतला होता.

एकट्यानं अशा ठिकाणी जायचं म्हटलं की लोकांना भीती वाटते ती आत शिरण्याची. आत शिरणं पाच मिनिटांत उरकतं. अडीच-तीन तास चालणाऱ्या जेवणात अवघड जातो तो दोन पदार्थांमधला वेळ, जेव्हा समोर रिकामं कापड असतं आणि बोलायला कुणी नसतं. बुकिंग, जागा, मेन्यू, पेय यांचे निर्णय नीट घेतले तर हाच मोकळा वेळ त्या संध्याकाळचा सगळ्यात छान भाग होऊ शकतो. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर मी त्या वेळाचा विचार करून लिहिलं आहे.

ठिकाण निवडताना

पहिल्या खेपेला काउंटर असलेलं ठिकाण शोधा. शेफ्स काउंटर म्हणा किंवा किचन काउंटर, स्वयंपाक डोळ्यांसमोर चालतो अशी जागा एकट्या पाहुण्यासाठी सर्वांत सोयीची. जपानमधल्या सुशीच्या काउंटरवर हे पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. फ्रेंच शेफ जोएल रोबुशाँ यांनी 2003मध्ये टोकियो आणि पॅरिसमध्ये आपली ‘आतलिए’ नावाची रेस्टॉरंट सुरू केली तेव्हा सुशीचे काउंटर आणि स्पेनमधले तापास, म्हणजे छोटे छोटे पदार्थ देणारे बार नजरेसमोर ठेवून पाहुण्यांना उघड्या स्वयंपाकघराभोवती उंच खुर्च्यांवर बसवलं. त्यानंतर जगभरातल्या उंची रेस्टॉरंटमध्ये काउंटर रुळत गेले. काउंटरवर सगळेच एका दिशेला तोंड करून बसतात, त्यामुळे समोरची खुर्ची रिकामी असण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय बघायला भरपूर असतं. कुणी सॉस गाळत असतो, कुणी चिमट्यानं एकेक पान प्लेटवर ठेवत असतो.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये 2013 साली ‘एनमाल’ नावाचं एक तात्पुरतं रेस्टॉरंट उघडलं होतं. तिथली सगळी टेबलं एकेकट्यासाठीच होती. कल्पना म्हणून मला ती फार आवडते, पण नेहमीच्या रेस्टॉरंटमध्ये जोडप्यांच्या आणि कुटुंबांच्या मध्ये आपलं एक टेबल असण्यात जी मजा आहे ती वेगळी.

निवडण्याआधी मेन्यू वाचा. तो फक्त टेस्टिंग मेन्यू, म्हणजे शेफनं ठरवलेल्या छोट्या पदार्थांची एकामागून एक येणारी मालिका आहे, की आ ला कार्त, म्हणजे स्वतः एकेक पदार्थ निवडण्याचा, हे पाहा. काही पदार्थ ‘किमान दोघांसाठी’ असतात, अख्खा भाजलेला पक्षी किंवा हाडासकट मोठा मांसाचा तुकडा असे. रेस्टॉरंटची ओळख अशाच पदार्थावर उभी असेल तर तिथे कुणाला तरी सोबत घेऊन जाणं बरं.

बुकिंग

ऑनलाइन बुकिंगमध्ये बऱ्याचदा ‘1 व्यक्ती’ हा पर्यायच दिसत नाही. यात तुमचा अपमान नाही, साधा हिशेब आहे. दोघांच्या टेबलावर एक जण बसला की त्या टेबलाची त्या रात्रीची कमाई निम्मी होते आणि अशा रेस्टॉरंटमध्ये एका टेबलावर रात्रीत एकदा, फार तर दोनदाच पाहुणे बसतात. म्हणून सरळ फोन करा. दुपारी, जेवणाची गर्दी ओसरल्यावर आणि रात्रीची तयारी सुरू व्हायच्या आधी केला, तर समोरच्याला बोलायला सवड असते.

काय बोलायचं तेही ठरवून ठेवा. ‘मी एकटीच आहे, चालेल का?’ असा प्रश्न विचारू नका. ‘मला एका व्यक्तीसाठी टेबल हवं आहे, वार आणि वेळ मी थोडी पुढेमागे करू शकते,’ असं सांगा. आठवड्याच्या मधले वार, रात्रीची पहिली वेळ किंवा अगदी शेवटची वेळ या तिन्हीत एकट्याला जागा मिळणं सोपं असतं. दुपारच्या जेवणाची सोय असेल तर तीही पाहा. तोच शेफ, तेच स्वयंपाकघर, मेन्यू बहुधा आटोपशीर आणि वातावरण थोडं सैल.

काउंटरच्या बाबतीत तर एकटं असणं फायद्याचंच ठरतं. समजा दहा खुर्च्या आहेत आणि तीन-तीन जणांचे तीन गट आले, तर एक खुर्ची उरते. ती जोडप्याला देता येत नाही. महिनाभर आधी ‘पूर्ण भरलं आहे’ असं ऐकलेल्या ठिकाणी मला दोन दिवस आधी फोन केल्यावर जागा मिळाली आहे, ती अशा उरलेल्या खुर्चीमुळे. प्रतीक्षायादीत नाव आवर्जून घाला.

बुकिंग करतानाच तीन गोष्टी सांगून टाका: कुठली अ‍ॅलर्जी किंवा पथ्य, कुठे बसायला आवडेल, आणि परतीची काही घाई आहे का. टेस्टिंग मेन्यूची तयारी एक-दोन दिवस आधीपासून चालते, त्यामुळे ऐन वेळी सांगितलेलं पथ्य सांभाळताना तुमच्या ताटातून नेमकी चांगली गोष्ट वगळली जाऊ शकते. रद्द करण्याचे नियम वाचा. आगाऊ पैसे घेणारी ठिकाणं बरीच आहेत आणि ठरलेल्या मुदतीनंतर ते परत मिळत नाहीत.

त्या दिवशी

दुपारी हलकं खा, पण उपाशी राहू नका. रिकाम्या पोटी माणूस पहिल्याच ब्रेडवर तुटून पडतो. कपड्यांचा नियम वेबसाइटवर असतो. नसेल तर नीटनेटके आणि मुख्य म्हणजे तीन तास बसायला सुखाचे कपडे घाला. उग्र अत्तर लावू नका, तुमच्या आणि शेजारच्या टेबलाच्या पदार्थांचा वास त्यात बुडतो. आणि वेळेवर पोहोचा. दोघं असली तर उशीर झालेल्याची वाट पाहिली जाते. एकटा पाहुणा वीस मिनिटं आला नाही तर तो येणारच नाही असं धरलं जातं.

कुठे बसायचं

याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे. एका ठिकाणी मला स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराला लागून असलेलं टेबल दिलं. दर मिनिटाला दार उघडे, प्रखर पांढरा उजेड अंगावर येई, भांड्यांचा आवाज येई आणि प्रत्येक जाणारा-येणारा माझ्या खुर्चीला हलकासा घासून जाई. निम्मी टेबलं रिकामी होती. आपण एकटेच आहोत, आपल्याला कसली तक्रार, असं मनाशी म्हणत मी तीन तास तिथेच काढले. त्या रात्री काय खाल्लं ते मला धड आठवत नाही. दार आठवतं.

जागा पसंत नसेल तर बसायच्या आधी सांगा. बसून, पाणी ओतलं गेल्यावर उठणं तुम्हालाही जड जातं आणि त्यांनाही. वाक्य साधं असू द्या: ‘तिकडचं भिंतीलगतचं टेबल मिळू शकेल का?’ ते आरक्षित असेल तर तसं सांगतील. नसेल तर बहुतेक ठिकाणी आनंदानं बदलून देतात.

चांगली जागा म्हणजे जिथे पाठीशी भिंत आहे आणि समोर सगळा हॉल दिसतो. कोपरा असेल तर उत्तमच. दोघं असली की ती एकमेकांकडे बघतात, त्यामुळे जागा कशीही चालते. एकट्याला मात्र बघायला दृश्य लागतं. खिडकीची जागा दिवसा छान, पण रात्री काच काळी होते आणि तुम्हाला फक्त स्वतःचं प्रतिबिंब दिसत राहतं, हे लक्षात असू द्या. दोन खुर्च्यांपैकी हॉलकडे तोंड असलेली खुर्ची तुमची.

ऑर्डर

एकटं असताना आखडता हात घेऊन मागवण्याचा मोह होतो. एकच पदार्थ खावा, लवकर उठावं, असं वाटतं. रोमन सेनानी लुकुलस याची गोष्ट प्लुटार्कनं नोंदवून ठेवली आहे. लुकुलस एके दिवशी एकटाच जेवणार होता म्हणून नोकरानं साधंच जेवण मांडलं, तेव्हा तो रागावून म्हणाला, आज लुकुलस लुकुलसकडे जेवायला आहे हे तुला ठाऊक नव्हतं का! थाटमाटाचं सोडा, पण स्वतःला पाहुणा मानण्याची ही रीत मला मनापासून पटते.

टेस्टिंग मेन्यू एकट्यासाठी फार चांगला. बहुतेक ठिकाणी टेबलावरच्या सगळ्यांनीच तो घ्यावा असा नियम असतो, म्हणजे सोबत कुणी असेल तर त्याचं मन वळवावं लागतं. तुम्हाला कुणाचंच मन वळवायचं नसतं. शिवाय दर थोड्या वेळानं काहीतरी नवीन येत राहतं आणि प्रत्येक पदार्थ ठेवताना कुणीतरी त्याबद्दल दोन शब्द बोलतं. आधी शेफकडून एक-दोन घासांचे अम्यूज बूश येतात, शेवटी कॉफीबरोबर छोटे गोड पदार्थ. हे मेन्यूत लिहिलेले असतीलच असं नाही, म्हणून मधल्या ब्रेडला जपून हात लावा.

आ ला कार्त असेल तर एकट्याची अडचण खरी आहे, दोन-तीन पदार्थांतच पोट भरतं. तेव्हा विचारा: ‘हे अर्ध्या प्रमाणात मिळेल का?’ स्टार्टर, पास्ता आणि भाताचे पदार्थ बऱ्याचदा अर्धे मिळतात, अख्खा मासा अर्थातच नाही. मुख्य पदार्थाऐवजी दोन स्टार्टर घेतले तरी हरकत नाही. आणि निवड होईना तर कॅप्टनला, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वेटरला, ‘काय चांगलं आहे?’ असं विचारू नका, सगळंच चांगलं आहे असंच उत्तर मिळेल. ‘या दोन माशांपैकी तुम्ही स्वतः कुठला खाल?’ असं विचारा. या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं, आणि इथूनच त्या माणसाशी तुमचा संवाद सुरू होतो.

पेय

वाइनची बाटली 750 मिलीलीटरची, म्हणजे 150 मिलीलीटरचे पाच ग्लास. एकट्याला ती जास्त होते. 375 मिलीलीटरच्या अर्ध्या बाटल्या काही ठिकाणी यादीत असतात, त्या विचारा. ग्लासवर मिळणाऱ्या वाइनची यादीही आता पूर्वीसारखी तोकडी नसते. 2013मध्ये बाजारात आलेल्या कोराव्हिन या उपकरणात बुचातून बारीक सुई आत जाते, जेवढी वाइन बाहेर येते तेवढा आर्गॉन वायू आत भरला जातो आणि बूच न काढल्यामुळे उरलेली वाइन टिकते. त्यामुळे एरवी अख्खी बाटली घ्यावी लागली असती अशा वाइनचा एक ग्लासही काही ठिकाणी मिळतो.

प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन, म्हणजे पेअरिंग, घेणार असाल तर ‘निम्म्या मापानं ओता’ असं सोमेलिएला, म्हणजे वाइन सुचवणाऱ्या आणि ओतणाऱ्या माणसाला, सुरुवातीलाच सांगा. आठ कोर्सचे आठ छोटे ग्लाससुद्धा एकूण पुष्कळ होतात आणि तुम्हाला एकट्यानं घरी जायचं आहे. दारू घेत नसाल तर बिनअल्कोहोल पेअरिंग विचारा. फळांचे रस, चहा, आंबवलेली पेयं यांची ती मांडणी कित्येकदा वाइनइतकाच विचार करून केलेली असते.

बाटली घेतली तर सोमेलिए आधी घोटभर चाखायला देतो. ती वाइन तुम्हाला आवडली का हे तो विचारत नसतो. ती बिघडलेली नाही ना, एवढंच पाहायचं असतं. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचामुळे खराब झाली आहे. शंका आली तर त्यालाच वास घेऊन पाहायला सांगा.

दोन पदार्थांमधला वेळ

पूर्वी फ्रेंच मेजवानीत पुष्कळसे पदार्थ एकदमच टेबलावर मांडले जात. 19व्या शतकात रशियन पद्धत रुळली, एकामागून एक पदार्थ, प्रत्येकाला वेगळा वाढून आणि गरम. आजचं फाइन डायनिंग त्यावरच उभं आहे आणि हा मधला वेळही त्यातूनच आला. एक प्लेट उचलल्यावर आत पुढचा पदार्थ ‘फायर’ करायला, म्हणजे शिजवायला घ्यायला सांगतात आणि तो तयार होऊन यायला दहा ते वीस मिनिटं जातात.

एकटा माणूस भराभर खातो. बोलणं नसतं, घासामागून घास जातो, प्लेट सहा मिनिटांत रिकामी होते. स्वयंपाकघर तुमच्या वेगानं चालतं, म्हणून पदार्थही भराभर येतात, आणि दोघांना तीन तास लागणारं जेवण तुमचं पावणेदोन तासांत संपतं. पोट जड होतं आणि काय खाल्लं ते नीट कळत नाही. यावर उपाय एका वाक्याचा आहे. पहिला पदार्थ येताच सांगा: ‘मला घाई नाही, सावकाश आणा.’ उलट घाई असेल तर तेही असंच आधी सांगा.

मग त्या वेळात करायचं काय? पुस्तक नेलं तरी चालतं. मी पातळसं पुस्तक नेते, कारण मंद उजेडात बारीक अक्षरं वाचवत नाहीत आणि जाडजूड पुस्तक ग्लासांच्या मध्ये मावत नाही. पण नियम एकच, पदार्थ आला की पुस्तक बंद. फोनबद्दल माझं मत जरा कडक आहे. एखादा फोटो फ्लॅशशिवाय काढावा आणि फोन पिशवीत ठेवावा. उजळलेला पडदा शेजारच्या टेबलावरूनही दिसतो, आणि फोन हातात असला की वेटर तुमच्याजवळ यायला बिचकतो. तुम्ही ज्या माणसाशी दोन शब्द बोलू शकला असता तोच दूर राहतो.

माझ्यासाठी सगळ्यात उपयोगी ठरली ती छोटी वही. प्रत्येक पदार्थानंतर तीन-चार शब्द: काय कुरकुरीत होतं, आंबटपणा कुठून आला, कशाचा वास आधी आला. पाच मिनिटं त्यात जातात आणि पुढच्या घासाला जीभ अधिक जागी असते. सोबत कुणी असताना सॉसची चव दुसऱ्या घासाला बदलते हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. एकटीनं एकदा खाताना मी पहिला घास सॉसशिवाय घेतला, दुसरा सॉससकट, तिसरा सॉस थंड झाल्यावर, आणि एकाच प्लेटमध्ये तीन पदार्थ निघाले. मग कॅप्टनला विचारलं, आंबटपणा कशाचा? तो आत जाऊन विचारून आला. पुढच्या पदार्थाच्या वेळी तो स्वतःहून जास्त सांगू लागला.

उरलेला वेळ बघण्यात घालवा. हॉलमध्ये कोण कुणाला डोळ्यांनी खुणावतं, चार प्लेट एका क्षणी टेबलावर कशा उतरतात, एक माणूस चपट्या धातूच्या पट्टीनं कापडावरचा ब्रेडचा चुरा कसा एका ओढीत गोळा करतो. रेस्टॉरंटना तारे देणाऱ्या मिशलँ गाइडचे निरीक्षक ओळख न देता जातात, स्वतः बिल भरतात आणि बऱ्याचदा एकटेच जेवतात. वही घेऊन लक्षपूर्वक जेवणाऱ्या एकट्या माणसाकडे कर्मचारी जरा जास्त लक्ष देतात त्यामागे हेही एक कारण असेल. तसा आव मात्र आणू नका.

थोडं टेबलावरच्या रीतीचं

कटलरी बाहेरून आत वापरत जायची. चुकलात तर वेटर पुढच्या पदार्थाआधी नवी ठेवतो. काटा-सुरी प्लेटवर शेजारी-शेजारी समांतर ठेवली की ‘झालं’, आणि एकमेकांपासून दूर, तिरकी ठेवली की ‘अजून खातो आहे’. एकट्याला ही खूण जपावी लागते, कारण तुम्ही हात धुवायला गेलात तर ‘थांबा, संपलेलं नाही’ म्हणायला टेबलावर कुणी नसतं. जाताना नॅपकिन खुर्चीवर ठेवा आणि वेटरला सांगून जा, म्हणजे पुढचा पदार्थ तुमच्या रिकाम्या खुर्चीसमोर येऊन निवणार नाही. पिशवी सोबत न्या.

काही बिनसलं तर

पदार्थ थंड आला, खारट झाला, सांगितलेलं पथ्य पाळलं गेलं नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या घासालाच हळू आवाजात सांगा. अर्धं संपवून सांगितलं तर त्यांनाही काही करता येत नाही. बराच वेळ कुणी फिरकलं नाही तर हात हलवण्यापेक्षा नजर भिडवा, आणि तरीही नाही जमलं तर पाणी भरायला येणाऱ्याला सांगा.

अनोळखी पाहुण्यानं पेय पाठवलं किंवा येऊन गप्पा मारायला बसू पाहिलं आणि तुम्हाला ते नको असेल, तर स्वतः वाद घालू नका. कॅप्टनला बोलावून ‘मला एकटीलाच बसायचं आहे’ एवढं सांगा. हे हाताळणं त्यांच्या कामाचाच भाग आहे आणि चांगल्या ठिकाणी ते तुमच्यापेक्षा सफाईनं करतात. ग्लास नजरेआड झाला असेल तर नवा मागा.

बिल आणि निघणं

बिलात सेवाशुल्क आधीच धरलं आहे का ते पाहा. असेल तर वेगळी टिप द्यायलाच हवी असं नाही. टिपेची रीत देशागणिक बदलते, जपानमध्ये ती देतच नाहीत, तेव्हा परक्या ठिकाणी आधी चौकशी करा. एकट्याचं बिल दोघांच्या निम्मं असलं तरी टेबल तेवढाच वेळ अडलेलं होतं. म्हणून जिथे टिप देतात तिथे मी थोडी जास्त ठेवते.

कॉफीबरोबरच घरी जायच्या गाडीची व्यवस्था करून ठेवा. रात्र झाली असेल तर गाडी येईपर्यंत आतच बसू द्या असं सांगा, कुणी नाही म्हणत नाही. जाताना ज्यानं तुमचं टेबल सांभाळलं त्याचं नाव विचारा आणि त्या रात्रीच्या मेन्यूची छापील प्रत मागा. टेस्टिंग मेन्यूची प्रत बहुतेक जण हसतमुखानं देतात, कधी शेफच्या सहीसकट. ती वहीत घडी घालून ठेवा. पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा ते नाव घ्या आणि त्याच भिंतीलगतचं टेबल मागा.